तुर्कस्तानात जाऊन नुसतं लोळणं: सिदे, रिसॉर्ट आणि एक आळशी दिवस

शेवंती | 10 नोव्हेंबर 2024, 22:15

दिवाळीच्या सुट्टीत तुर्कस्तानला जाऊन आलो. जायच्या आधी घरात रीतसर महायुद्ध झालं कारण नवऱ्याने जे पॅकेजचं पत्रक आणलं होतं त्यात इस्तंबूल, कॅप्पाडोकिया, पामुक्काले, एफेसस, अंताल्या सगळं एका आठवड्यात कोंबलेलं आणि रोज पहाटे बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या. सासूबाई सोबत, त्यांचे गुडघे म्हणजे बोलायलाच नको, आणि धाकटी सहा वर्षांची. शेवटी मी म्हटलं कॅप्पाडोकियाचे ते माणसं बसून उडतात ते गरम हवेचे फुगे दुसऱ्या कुणाला तरी बघू देत, आपण इस्तंबूल करून सरळ समुद्रावर जाऊन पडू. नवरा म्हणाला मग अलिबागच काय वाईट आहे. (हा माणूस अलिबागला गेला तरी कुलाबा किल्ला, काशीद, मुरुड एका दिवसात उरकतो.)

तर राहिलो सिदेजवळ. अंताल्या विमानतळापासून साधारण 65 किलोमीटर, गाडीने तासभर. ऑल इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट, मनगटाला पट्टा बांधतात, तो बांधला की खाणंपिणं, पूल, बीचवरच्या खुर्च्या सगळं त्यातच. पाकिटाला हात लावायचा नाही हे सासूबाईंना दोन दिवस पटलंच नाही, प्रत्येक चहाला "अगं किती झाले विचार ना".

त्यातला नरक चतुर्दशीचा दिवस सांगते, म्हणजे 31 ऑक्टोबर. सकाळी सव्वासातशिवाय तिकडे उजाडतच नाही त्यामुळे पहाटेच्या आंघोळीचा प्रश्न निकालात निघाला. ब्रेकफास्ट हे एक प्रकरणच आहे. ऑलिव्हच किती प्रकारचे, पांढरं खारट चीज, टोमॅटो-काकडी, सिमित म्हणजे तीळ लावलेले कड्यासारखे पाव, मेनेमेन म्हणजे टोमॅटो-मिरचीत शिजवलेली अंडी, आणि कायमाक. कायमाक म्हणजे म्हशीच्या दुधाची दाट साय, तिच्यावर पोळ्यासकट मध ओतायचा आणि पावाला लावून खायचं. मी रोज खाल्लं, वजनाबद्दल कुणी विचारू नये. चहा कंबर असलेल्या छोट्या काचेच्या ग्लासात, बिनदुधाचा. सासूबाईंनी दूध मागून घेतलं तर वेटरचा चेहरा बघण्यासारखा झाला पण बिचाऱ्याने आणून दिलं.

मग हमाम. हे मी मुद्दाम त्या दिवशी ठेवलं होतं. आधी वाफेत बसवतात, मग मधोमध एक गरम संगमरवरी ओटा असतो त्यावर आडवं करतात आणि केसे नावाचा खरखरीत हातमोजा घालून असं घासतात की अंगावरून मळाच्या शेवया निघतात, लाज वाटते अक्षरशः. मग फेसाचा ढीगच्या ढीग अंगावर, मग पाणी. सासूबाई म्हणाल्या, "हे तर आमच्या आईचं उटणं, फक्त तिला कुणी युरो दिले नाहीत." (हो, हमाम पॅकेजमध्ये नव्हता. आत जाणं फुकट, घासून घेणं विकत.)

दुपारी शब्दशः काही केलं नाही. पाइनच्या सावलीत खुर्ची, समोर समुद्र, वाळू बारीक आणि पाणी बरंच आत गेलं तरी कमरेएवढंच त्यामुळे मुलीच्या मागे धावायला लागत नाही. पाठीमागे टोरोस पर्वताची रांग. ऑक्टोबर संपत आला होता तरी पाण्यात उतरता येत होतं. अॅनिमेशन टीम नावाची उत्साही पोरं दर अर्ध्या तासाने येऊन "अॅक्वा जिम? डार्ट?" विचारत होती, त्यांना चुकवायला डोळ्यांवर टोपी ठेवून झोपायचं. शेजारच्या खुर्चीवर एक जर्मन आजी क्रोशाचं विणत बसल्या होत्या. सासूबाईंना जर्मन येत नाही, त्यांना मराठी येत नाही. तासाभराने बघते तर सुई सासूबाईंच्या हातात आणि त्या आजींना टाका शिकवतायत.

चारला उठलो आणि दोल्मुशने सिदे गावात. दोल्मुश म्हणजे आपली वडाप. हात केला की थांबते, पैसे पुढे सरकवायचे. गाव समुद्रात घुसलेल्या चिंचोळ्या जमिनीवर आहे आणि सगळं गाव अवशेषांच्या अंगावर वसलंय, म्हणजे डाव्या हाताला रोमन खांब आणि उजव्या हाताला बनावट बुटांचं दुकान. काही ठिकाणी पायाखाली जाड काच टाकलीये आणि खाली जुन्या भिंती दिसतात. मुलगी काचेवरून चालायलाच तयार होईना, उचलून घ्यावं लागलं. थिएटर बघितलं, शेजारचं म्युझियम बघितलं (ते जुन्या रोमन स्नानगृहातच मांडलंय, म्हणजे त्या दिवशीचं दुसरं न्हाणीघर), दोन दिवसांपूर्वीच त्यांचा प्रजासत्ताक दिन झाला होता म्हणून सगळीकडे लाल झेंडे आणि प्रजासत्ताकाचा संस्थापक अतातुर्कचे फोटो अजून लटकत होते. मग अगदी टोकाला अपोलोचं देऊळ. देऊळ म्हणजे पाच खांब, वर थोडी पट्टी आणि त्यावर मेड्यूसाची (ग्रीक कथांतली केसांच्या जागी साप असलेली बाई) तोंडं, बाकी सगळं खाली पडलेलं. सूर्यास्त सहाच्या सुमारास. गर्दी होती, एक नवरानवरी फोटो काढत होते, पण जागा मिळाली.

नवऱ्याचं म्हणणं एवढं लांब जाऊन फक्त दीड तास इतिहास बघितला. माझं म्हणणं तो दीड तास नीट बघितला. तुमचं काय मत?

खादाड_खंडू | 10 नोव्हेंबर 2024, 22:48

कायमाक आणि मध वाचून आत्ता रात्री फ्रीज उघडला, साय होती, मध होता, पण दोन्ही मिळून तो योग आला नाही.

शाकाहारी लोकांचं काय होतं तिकडे? आमच्याकडे आईवडील पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

शेवंती | 11 नोव्हेंबर 2024, 09:05

खंडू, रिसॉर्टात अजिबात हाल नाहीत. तिकडे ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढायच्या भाज्यांचा वेगळा विभागच असतो, फरसबी, द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात, राजम्यासारखी बार्बुन्या. वांग्याची इमाम बायिल्दी तर सासूबाईंनी दोनदा घेतली. बाहेर खाताना "एतसिझ" विचारायचं म्हणजे बिनमांसाचं. पण वांग्याचंच दुसरं एक, कार्नियारिक, दिसायला तसंच आणि आत खिमा, तेव्हा विचारूनच घ्या. मसूर डाळीचं सूप सगळीकडे मिळतं, मेरजिमेक, पण काही ठिकाणी ते हाडांच्या पाण्यात करतात. गोझ्लेमे सगळ्यात सेफ, बायका समोर पातळ पोळी लाटतात आणि पालक-चीज किंवा बटाटा भरून तव्यावर भाजून देतात. चीजमधलं रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं विरजण) वगैरे बघणारे असतील तर मात्र अवघड आहे.

पेठकर_पंत | 11 नोव्हेंबर 2024, 10:31

स्पष्ट बोलतो, राग नसावा. विमानाचं तिकीट, व्हिसा, एवढा खटाटोप करून माणूस खुर्चीवर टोपी घालून झोपतो हे मला समजत नाही. झोप घरी फुकट मिळते. आमच्या ग्रुपने कॅप्पाडोकियाचे फुगे, पामुक्कालेची पांढरी कुंडं, एफेससचं ग्रंथालय, कोन्याला सूफी कवी रूमीची समाधी सगळं केलं, एक मिनिट वाया नाही. पट्टा बांधून दिवसभर खात बसणं हे पर्यटन नव्हे.

खादाड_खंडू | 11 नोव्हेंबर 2024, 10:40

पंत, दिवसभर खात बसणं हे पर्यटन नव्हे हे वाक्य मी वैयक्तिक घेतोय.

राइनकाठी | 11 नोव्हेंबर 2024, 13:22

धागा आवडला. मी ड्युसेलडॉर्फला असते, आमच्याकडे अंताल्या म्हणजे तुमचं महाबळेश्वर झालंय, ऑफिसातला प्रत्येक तिसरा माणूस जाऊन आलेला. तुम्हाला रिसॉर्टात सगळे जर्मन बोलताना दिसले असतील त्याला कारण आहे, 1961 मध्ये जर्मनी आणि तुर्कस्तानचा कामगार करार झाला, त्यानंतर लाखो तुर्की इकडे आले, त्यांची मुलं-नातवंडं काही परत गेली, काही उन्हाळ्यात तिकडे हॉटेलात कामं करतात. माझी शेजारीण मूळची तिकडचीच, ती मात्र सुट्टीत कधी रिसॉर्टला जात नाही, गावी आईकडे जाऊन टोमॅटोची पेस्ट करून आणते.

आणि खुर्च्यांवर पहाटे टॉवेल टाकून जागा अडवणारे कोण ते विचारू नका, माझा नवरा त्यातलाच आहे.

पंतांना एवढंच, पट्ट्याबद्दल माझा आक्षेप वेगळा आहे. सगळं आतच फुकट मिळतं म्हटल्यावर लोक बाहेर पडत नाहीत आणि गावातल्या छोट्या खानावळीत चिटपाखरू नसतं. शेवंती, तुम्ही जेवलात कुठे त्या दिवशी?

शेवंती | 11 नोव्हेंबर 2024, 14:10

राइनकाठी, बरोब्बर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत :) सिदेच्या बंदरावर मासे खायचे असं मी म्हणत होते, सासूबाई म्हणाल्या तिकडे पैसे भरलेत ना. शेवटी बंदराजवळ डाळिंबाचा रस प्यायलो, ऑक्टोबर म्हणजे तिकडे डाळिंबाचा हंगाम, गाडीवर समोर दाबून काढून देतात, आणि मग दोल्मुशने परत बुफेला. पैसे भरलेत या दोन शब्दांपुढे कुणाचं काही चालत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मी आणि मुलगी पळून जाऊन बाहेर पिदे, म्हणजे तिकडचा होडीच्या आकाराचा पिझ्झा, खाऊन आलो.

सह्यवेडा | 11 नोव्हेंबर 2024, 21:57

सिदेवर थोडं लिहू का, मी दोन वर्षांपूर्वी बॅगपॅक घेऊन तो किनारा केलाय आणि हे गाव डोक्यात राहिलंय.

ते थिएटर बघताना एक गोष्ट लक्षात आली का, ग्रीक लोक थिएटर डोंगराच्या उतारावर कोरायचे, फुकटचा उतार मिळतो. सिदेला जमीन सपाट, त्यामुळे रोमनांनी वरच्या रांगा चक्क कमानींवर उचलल्या. बाहेरून बघितलं तर कमानींची रांग दिसते. पंधरा हजारांच्या वर माणूस बसायचं म्हणतात.

थिएटरला लागून जो आगोरा आहे, म्हणजे बाजारचौक, तिकडे लोक फोटो काढून पुढे जातात. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात या किनाऱ्यावर सिलिसियन चाच्यांचं राज्य होतं आणि सिदे हा त्यांचा गुलाम विकायचा मोठा बाजार. स्त्राबो या प्राचीन ग्रीक भूगोलकाराने लिहून ठेवलंय. इ.स.पू. 67 मध्ये रोमन सेनापती पॉम्पीने चाच्यांचा बंदोबस्त केला. म्हणजे गावाच्या श्रीमंतीतला बराच पैसा असा आलेला. नंतर रोमन काळात पुन्हा भरभराट, अपोलोचं देऊळ दुसऱ्या शतकातलं. मग अरबांचे हल्ले, भूकंप, आणि गाव ओस. कित्येक शतकं वाळूत पडून होतं. 19व्या शतकाच्या शेवटी क्रीट बेटावरून आलेल्या मुसलमान निर्वासितांनी या अवशेषांतच घरं बांधली, आत्ताचं गाव म्हणजे त्यांचं. त्यामुळे रोमन खांबाला चिकटून घर दिसलं तर नाक मुरडू नका, त्यांना दुसरी जागा कोण देणार होतं.

अर्धा दिवस अजून असता तर आस्पेन्दोस सांगितलं असतं, सिदेहून साधारण 35 किलोमीटर. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळातलं थिएटर, आर्किटेक्टचं नाव झेनोन, ते तिथे कोरलेलंय. एवढं शाबूत का राहिलं तर नंतर आलेल्या सेल्जुक तुर्कांनी ते वापरात ठेवलं, डागडुजी केली, रंगमंचाच्या भिंतीवर त्यांच्या गिलाव्यातले लाल नागमोडी पट्टे अजून दिसतात. 1930 मध्ये अतातुर्कने भेट दिली आणि हे नुसतं बघायला ठेवू नका, वापरा असं सांगितलं. 1994 पासून ऑपेरा आणि बॅलेचा महोत्सव होतो. कुठल्याही रांगेत बसा, खाली कुणी बोललं तरी ऐकू येतं. मी वरून कोल्हापुरी शिवी हासडून बघितली, खाली एक बाई वळून हसली, ती निघाली सांगलीची.

मिसळप्रेमी | 11 नोव्हेंबर 2024, 22:20

सह्यवेडा =)) =)) शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

मानवगातचा धबधबा केला का कुणी? प्रत्येक पॅकेजात असतो.

सह्यवेडा | 11 नोव्हेंबर 2024, 22:46

केला. जुन्या 5 लिरांच्या नोटेवर होता म्हणून फार अपेक्षेने गेलो. रुंद आहे, पाणी सुंदर हिरवंनिळं आहे, पण उंचीला दोन पुरुष असेल नसेल. जुलैत ताम्हिणीतून आलेला माणूस तिकीट काढून आत जातो आणि विचारतो की धबधबा कुठाय. तरी पाण्याला लागून टेबलं आहेत, तिथे बसून आयरान (तिकडचं खारं ताक) आणि मासा, ते झकास. धबधबा बघायला जाऊ नका, जेवायला जा. वर ओयमापिनार धरण आहे, 185 मीटर उंच कमानी धरण, त्याच्या जलाशयात बोटीने फिरवतात, ते जास्त आवडलं. जाताना काही डोंगर काळे-बोडके दिसतील, 2021 च्या जुलैअखेर मानवगातला प्रचंड वणवा लागला होता त्याच्या खुणा.

भित्री_भागुबाई | 12 नोव्हेंबर 2024, 11:12

हमामबद्दल विचारायचंय पण लाज वाटतेय. कपडे किती काढावे लागतात? आणि घासायला बाई असते की बुवा??

शेवंती | 12 नोव्हेंबर 2024, 11:50

अजिबात लाजू नका, मी पण गूगलवर हेच शोधलं होतं. पातळ सुती पेश्तेमाल देतात ते गुंडाळायचं, आत स्विमसूट चालतो. गावातल्या जुन्या हमामात बायकांची वेळ किंवा विभाग वेगळा आणि घासणारी बाईच. रिसॉर्टात मात्र बऱ्याचदा सगळं एकत्र असतं आणि घासणारा पुरुष असू शकतो, तेव्हा बुकिंग करतानाच बाई पाहिजे म्हणून सांगायचं. आदल्या दिवशी वॅक्सिंग केलं असेल तर जाऊ नका, आग आग होते. उन्हात भाजून निघाल्यावर तर नाहीच नाही.

पोहायच्या कपड्यांचंही सांगते कारण व्यनि (व्यक्तिगत निरोप) आलेत. बिकिनीपासून हाशेमापर्यंत सगळं दिसतं, हाशेमा म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा पोहायचा पोशाख, बऱ्याच तुर्की बायका घालतात. सासूबाईंनी लांब बाह्यांचा घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात गळ्यापर्यंत गेल्या. फक्त सुती पंजाबी ड्रेस घालून पूलमध्ये उतरू देत नाहीत.

नवखा_प्रवासी | 12 नोव्हेंबर 2024, 16:03

व्हिसा कसा केलात? आणि त्या किनाऱ्यावर एवढी गावं आहेत, रिसॉर्ट नेमका कुठे घ्यायचा? आमच्यासोबत दोन लहान मुलं.

शेवंती | 12 नोव्हेंबर 2024, 17:30

भारतीय पासपोर्टवर अमेरिका, इंग्लंड, आयर्लंड किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालतो तो) चालू व्हिसा किंवा रेसिडन्स परमिट असेल तर सरकारी साइटवर इ-व्हिसा मिळतो, सिंगल एंट्री, तीस दिवस. नसेल तर व्हिसा सेंटरमध्ये कागदपत्रं देऊन रीतसर अर्ज, त्याला वेळ ठेवा. इ-व्हिसाच्या नावाने सरकारीसारख्या दिसणाऱ्या दलालांच्या साइट भरपूर आहेत, पत्ता नीट बघा.

जागेचं राइनकाठी जास्त चांगलं सांगतील.

राइनकाठी | 12 नोव्हेंबर 2024, 20:44

लहान मुलं असतील तर सिदे किंवा बेलेक, वाळू आणि उथळ पाणी. बेलेक गोल्फवाल्यांचं, महाग. लारा हा भाग विमानतळाच्या जवळ, तिथे भलीमोठी हॉटेलं, एक तर क्रेमलिनसारखं बांधलंय, गंमत म्हणून बघा. अंताल्या शहरातला कोन्याआल्ती बीच सुंदर पण गोटे, पायाला टोचतात, मात्र ट्राम हाताशी आणि कालेइची या जुन्या शहरात संध्याकाळी चालत जाता येतं, तिथली रोमन सम्राट हेड्रियनची वेस इ.स. 130 ची. केमेरला डोंगर अगदी पाण्यापर्यंत येतात, देखावा सगळ्यात भारी, पण तिथेही गोटेच. आलान्या स्वस्त आणि किल्ला मस्त, तांबडा बुरूज 1226 चा, पण विमानतळापासून दोन तास लांब, रात्री उतरून पोरांना घेऊन एवढा बसप्रवास नको वाटतो.

बुकिंग करताना "बीचपासून 300 मीटर" लिहिलं असेल तर मध्ये हमरस्ता आहे का ते नकाशावर बघा. आणि नोव्हेंबरात बरीच हॉटेलं बंद व्हायला लागतात.

पेठकर_पंत | 13 नोव्हेंबर 2024, 09:20

सौ.ने हा धागा वाचला. पुढच्या वेळी खुर्ची आणि क्रोशा पाहिजे असं सांगण्यात आलं आहे. मी आस्पेन्दोसला एकटा जाईन.

शेवंती | 13 नोव्हेंबर 2024, 09:34

पंत, माझ्या नवऱ्याला सोबत न्या, प्लीज.

कट्टर_कोल्हापूरकर | 18 मे 2025, 19:08

धागा वर काढतोय, सध्याच्या परिस्थितीत. भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली हे सगळ्यांनी बघितलं. पुण्यात व्यापाऱ्यांनी तुर्कीची सफरचंदं घेणं बंद केलं, ट्रॅव्हलवाल्यांनी बुकिंग थांबवलं. माझ्या मते आता तिकडे एक रुपया जाऊ नये.

नवखा_प्रवासी | 18 मे 2025, 20:15

आम्ही जूनचं बुकिंग केलं होतं, रद्द केलं. काही पैसे बुडाले. मुलांना समजावणं जड गेलं, पण घरात कुणाचंच मन होईना.

राइनकाठी | 18 मे 2025, 23:02

समजू शकते. प्रत्येकाने आपापलं ठरवावं, मी शेजारणीशी यावर बोलले तेव्हा तिलाही सरकारचं आणि तिच्या आईच्या गावचं एका मापाने मोजलं जातं याचं वाईट वाटलं. एवढंच लिहून थांबते, नाहीतर धागा भलतीकडे जाईल.

शेवंती | 19 मे 2025, 08:40

मलाही वाद घालायचा नाहीये. आत्ता जायचं असतं तर आम्हीही गेलो नसतो बहुतेक, सासूबाईंनी बातम्या बघून आधीच निकाल दिलाय. ज्यांना तसाच उबदार समुद्र आणि दगड हवेत त्यांनी ग्रीसमध्ये क्रीट किंवा ऱ्होड्स बघा, फक्त तिकडे शेंगेन लागेल.

खादाड_खंडू | 19 मे 2025, 12:26

राजकारण बाजूला. त्या मसुराच्या सूपची पाककृती मिळेल का? आईने डोकं खाल्लंय.

शेवंती | 19 मे 2025, 13:15

सोप्पी आहे. लाल मसूर वाटीभर, कांदा, गाजर, एखादा छोटा बटाटा, तेलात परतून पाणी घालून मऊ शिजवा आणि मिक्सरमधून काढा. पुन्हा उकळी आणा, मीठ, जिरेपूड. वेगळ्या कढल्यात लोण्यात लाल तिखट (आपलं ब्याडगी चालतं, तिकडचं कमी जहाल असतं) आणि सुका पुदिना टाकून ती फोडणी वरून ओता. खाताना लिंबू पिळायचं, ते विसरू नका, लिंबाशिवाय ती नुसती पातळ आमटी. माझ्याकडे डाळिंबाचा आंबट काकवीसारखा रस आणलेला आहे पण तो सॅलडवर, सूपमध्ये नाही. आणि कुणी आणणार असाल तर बाटलीवर "सोस" लिहिलेलं घेऊ नका, त्यात ग्लुकोज आणि रंगच जास्त.